राहून गेलेली तिसरी फेरी

मी एक पुठ्ठा. लिहायचा, वर चिमटा असलेला. कुणी मला पॅड म्हणतं, कुणी फळी म्हणतं. एका आजोबांनी तर मला ट्रे समजून माझ्यावर चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल डाग अजून अंगावर आहे. बोलायची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं अंगावर घेतली, मला कुणी काही विचारलं नाही. आज बोलतोय ते एवढ्याचसाठी, की आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. एका दारावर टांगलेला असतो मी. कुठे जायचं नाही, यायचं नाही.

जन्म म्हणाल तर लाकडाच्या भुशातून. भुसा, रद्दी आणि कसलातरी चिकट रस कालवला, मशीनखाली घातला आणि असा दाबला की त्यानंतर आयुष्यात मला कशाचं दडपण म्हणून वाटलं नाही. मग कापलं, कडा घासल्या आणि डोक्यावर लोखंडी चिमटा ठोकला. पन्नास भावंडांच्या गठ्ठ्यातून मी एका सरकारी कचेरीत आलो. तिथल्या कपाटात किती दिवस पडून होतो ते आठवत नाही. कपाटात दिवस मोजता येत नाहीत.

एक दिवस कपाट उघडलं. मोजणी निघाली होती. माणसांची नाही, धंद्यांची. तेही मोठे नाहीत. ज्यांना पाटी नसते, पावती नसते आणि कुलूप असलंच तर ते घराचंच असतं, असे धंदे. ते कुठे आहेत, कोण करतं, किती माणसं त्यावर जगतात, हे दारोदार जाऊन लिहायचं होतं.

कचेरीतल्या साहेबांना सगळे माघारी ‘बघूसाहेब’ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी ते “बघू” म्हणायचे आणि पुढे काही बघायचे नाहीत. पण त्या दिवशी ते बरंच बोलले. म्हणाले, “एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. दार बंद दिसलं तर तीन फेऱ्या मारायच्या. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वेळी. तिसऱ्यांदाही बंद असेल तरच ‘बंद’ लिहायचं आणि सही करायची. तुमची सही म्हणजे शेवटचा शब्द.”

मी ताईच्या वाट्याला आलो. ताई म्हणजे चाळिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. नऊ वर्षं ती कचेरीत तात्पुरती होती. दर मोजणीला तिला सांगायचे, ही मोजणी होऊ दे, तुला कायम करतो. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि कमावणारी ही एकटी. कायम होणं हे तिच्यासाठी काय होतं ते मला माहीत आहे, कारण दमली की ती मला मांडीवर घेऊन कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात ‘कायम’ असं लिहायची आणि मग खोडून टाकायची.

दिवसाला तीस दारं. ऐकायला काही वाटत नाही. पायांना विचारा.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! एका दारात एक गृहस्थ बनियनवर उभे. ताईने विचारलं, “घरात काही धंदा चालतो का?” ते म्हणाले, “छे, मी रिटायर झालोय.” “आणि घरच्या बाई?” “ती काही करत नाही, घरीच असते.” त्यांच्या पाठीमागे ती काही न करणारी बाई शर्टांच्या ढिगात बसून काजं करत होती, आणि मान वर करायला तिला फुरसत नव्हती. ताईने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि आत जाऊन तिलाच विचारलं. “कधीपासून करता?” “थोरली पोटात होती तेव्हापासून.” “थोरली केवढी आता?” “तिला दोन पोरं आहेत.” हे वर्षांच्या रकान्यात कसं बसवायचं म्हणून ताई कितीतरी वेळ पेन चावत बसली.

एक सायकलवर धार लावणारा भेटला. धंद्याचा पत्ता विचारला तर म्हणाला, “आत्ता इथे आहे. तुमचं लिहून होईपर्यंत थांबतो हवं तर.” एक जण घड्याळं दुरुस्त करायचा, पण वेळ विचारायला शेजारच्या दुकानात जायचा. किती तास काम करता, हा प्रश्न तर कुठेही विचारला की हशा ठरलेला. लोक हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण तोवर त्यांनी ते कधी मोजलेलंच नसतं. मला ती गप्प होण्याची वेळ आवडायची नाही. ताईचा हात माझ्यावर जड व्हायचा.

आणि माझे हाल तर विचारूच नका. ऊन लागलं की मी पंखा, पायरी ओली असली की मी पाट, कुत्रं अंगावर आलं की मी ढाल. लिहायचं काम उरल्या वेळात.

आता त्या दाराकडे येतो. टाळून चालणार नाही.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्यांची एक गल्ली होती. दिवसभर ठोकाठोकी, कानाला दडे बसायचे. त्या गल्लीच्या मधोमध एक निळं दार. ताईने पहिल्यांदा ठोठावलं, कुणी उघडलं नाही. तिने खडूने दारावर घराचा नंबर घातला आणि शेजारच्या डबेवाल्याला विचारलं, “इथे कोण राहतं?”

“आहे एक मावशी. असते आतच दिवसभर,” तो हातोडी न थांबवता म्हणाला.

आतच असते! हे वाक्य आम्ही इतक्या दारांत ऐकलं होतं, की ताईने पुढे काही विचारलंच नाही. काजं करणाऱ्या बाईपाशी जो कान तिने टवकारला होता, तो त्या दिवशी मिटला. दमलेल्या माणसाचे कान आधी मिटतात, डोळे नंतर.

चार दिवसांनी दुसरी फेरी झाली. पुन्हा ठोठावलं, पुन्हा काही नाही. पण तेव्हा दाराखालच्या फटीतून कापसाचं एक पुंजकं वाऱ्याबरोबर बाहेर आलं, हवेत गिरकी घेतली आणि माझ्या चिमट्यात अडकलं. ताई तेव्हा चपलेचा अंगठा नीट करत होती, तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. ज्या घरात धंदा नाही त्या घरातून एवढा स्वच्छ पिंजलेला कापूस येईल कुठून? मला कळलं होतं हो! पण मला तोंड कुठे आहे? मी ते पुंजकं घट्ट धरून ठेवलं, एवढंच माझ्या हातात होतं.

तिसरी फेरी झालीच नाही.

शेवटचा दिवस होता. अकरा दारं उरली होती, आई रात्रभर कण्हत होती म्हणून ताईची झोप झाली नव्हती, आणि त्या चपलेचा अंगठा शेवटी तुटलाच. ती दोन गल्ल्या अलीकडे पंक्चरवाल्याच्या पायरीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि त्या नंबरासमोर लिहिलं, ‘बंद, तीन फेऱ्या’. खाली तारीख आणि सही. मग घरी जाताना त्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, एक पाय अनवाणी. निळं दार लांबून दिसत होतं, बंदच होतं. तिने स्वतःशीच मान डोलावली, तिथपर्यंत जाऊन नंबराखाली खडूने ‘बंद’ ओढलं आणि वळली. हात वर केला होता तो खडूसाठी, ठोठावण्यासाठी नाही. एवढं दारापर्यंत गेली होती, बोटं वाजवायला काय झालं होतं, हे मी आजही स्वतःला विचारतो. बहुतेक उघडलं असतं तर तासाभराचे प्रश्न विचारावे लागले असते, त्याचीच तिला भीती वाटली असावी. मला तिचा राग आला नाही, खोटं कशाला बोलू? मीही दमलो होतो.

मोजणी संपली. ताईने मला पिशवीत ठेवलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

पाचेक महिन्यांनी आईच्या पाठीला जखमा होऊ लागल्या. गादी जुनी, कापसाचे गोळे दगडासारखे झालेले. शेजारीण म्हणाली, “अगं, डबेवाल्यांच्या गल्लीत एक गादीवाली मावशी आहे. उसवून, पिंजून नवी करून देते. तिच्यासारखा हात कुणाचा नाही.” ताईने गादीची वळकटी रिक्षात टाकली, सवयीने खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, आणि आम्ही निघालो.

गल्ली आली, दार आलं. निळं दार. त्यावर ताईच्या अक्षरात नंबर, आणि नंबराखाली ‘बंद’.

ताई गादी धरून तशीच उभी राहिली. डबेवाल्याने ठोकता ठोकता मान वर केली. “ठोका की! जोरात ठोका. दार बंद म्हणजे मावशी कामात आहे. उघडं असलं तर समजायचं बाहेर गेलीय.”

“उघडं टाकून?”

“मी आहे ना बघायला. आणि काम करताना उघडं कसं ठेवणार? वाऱ्याने कापूस सगळ्या गल्लीभर! कानाला फडकं बांधून आतल्या खोलीत बसते, त्यात आमची ही ठोकाठोकी. हळू वाजवाल तर जन्मात ऐकू जायचं नाही.”

ताईने दारावर मूठ आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दार उघडलं आणि सगळ्या अंगावर कापूस घेतलेली, पांढऱ्या भुवयांची एक बाई दिसली. भुवया पिकल्या होत्या की कापसाने पांढऱ्या झाल्या होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मावशीने आम्हाला आत घेतलं, कापसात बसकण मारली आणि गादीवर हात फिरवला. “कुणाची?”

“आईची. झोपूनच असते.”

“मग टाके जवळजवळ घालते, कापूस सरकायचा नाही. पण आठ दिवसांत घेऊन जा बाई. पुढचं माझं काही खरं नाही.”

“का हो?”

“ही गल्ली पाडतायत, रस्ता रुंद करायला. ज्यांचे धंदे मोजणीत निघाले त्यांना पलीकडे बांधलेल्या गाळ्यांत जागा आहे. डबेवाल्यांना सगळ्यांना मिळाली. माझं नाव यादीत नाही. म्हणे या घरात धंदाच नाही, दार बंद होतं.” ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “बावीस वर्षं दार बंद करून काम केलं ना मी, त्याचं हे फळ. गाद्या काय रस्त्यावर बसून भरू?”

मावशीची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्यावर गेली. “तुम्ही लिहिणाऱ्या दिसता. मला एक अर्ज लिहून द्याल? माझं अक्षर साहेब लोकांना लागत नाही. लिहा, की ती मोजणारी बाई इकडे फिरकलीच नाही, घरबसल्या लिहिलं मेलीने.”

ताईने मला बाहेर काढलं. चिमट्यात कागद लावायला गेली आणि तिचा हात थांबला. चिमट्याच्या कोपऱ्यात ते पुंजकं अजून होतं. मळलेलं, दबलेलं, पण होतं. तिने ते बोटांनी ओढून काढलं, मावशीच्या मांडीवरच्या कापसाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “फिरकली होती. दोनदा आली होती.”

“तुम्हाला काय माहीत?”

“ती मीच.”

मावशी एकदम उठली. मला वाटलं, आता मला हिसकावून डोक्यात घालते. “तुम्ही? दोनदा आलात, मग तिसऱ्यांदा काय पाय मोडले होते?”

“मोडले नव्हते,” ताई म्हणाली. “दुखत होते.”

“माझे नाही दुखत? रोज दुखतात! म्हणून मी लोकांना गाद्या न भरताच देते का?”

ताई रडली नाही, तिने राहिलेला कागद चिमट्यात लावला. मावशी पुन्हा खाली बसली, दाभणात दोरा ओवायला लागली, आणि दोनदा चुकल्यावर म्हणाली, “मग लिहा आता. खरं काय ते लिहा.”

ताईने लिहिलं. माझ्या अंगावर इतके कागद येऊन गेले, पण एवढा जड कागद आला नाही. ‘मी तिसऱ्या फेरीत दार न ठोठावताच बंद लिहिले. या घरात गाद्या भरण्याचा धंदा चालतो. चूक माझी आहे.’ खाली तारीख आणि सही. या वेळी दोन्ही खऱ्या.

बघूसाहेबांनी कागद वाचला, उठून दार लोटून घेतलं आणि चक्क ताईला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “ताई, अगं डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझी कायमची ऑर्डर टाइप होऊन आलीय. हा बघ कागद. या टेबलावर सहीला आहे. आणि तू मला हे आणून देतेस? फाड ते. त्या बाईचं काहीतरी बघू.”

“तुम्ही बघत नाही, साहेब,” ताई म्हणाली.

मी तिच्या छातीशी होतो. तिचं काळीज असं धडधडत होतं की माझा चिमटा वाजत होता. टेबलावरचा तो टाइप केलेला कागद तिने एकदा शेवटपर्यंत वाचला. नऊ वर्षं ज्याची तिने वाट पाहिली, माझ्यावर लिहून लिहून जे खोडलं, ते तिथे छापलेलं होतं, तिच्या नावापुढे. तिने तो कागद उलटा करून ठेवला आणि आपल्या कागदावर पोच मागितली. मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला. वाईटही तेवढंच वाटलं. घरी आईला काय सांगायचं, हे ती रिक्षात पुटपुटत होती.

त्याच आठवड्यात तिचं काम गेलं. ती गादी आणायला गेली तेव्हा मला मावशीकडे घेऊन गेली. “हा तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे आता कशाला?” मावशीने मला उलटसुलट पाहिलं. “तपासायला माणूस येणार म्हणतात, तोवर पाडायचं थांबवलंय. कधी येईल सांगत नाहीत. मी आत असले, ऐकू नाही गेलं, तर? पुन्हा बंद?”

तेव्हा ताईने माझ्या पाठीवर तेलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘दार बंद असले तरी काम चालू आहे. जोरात ठोकावे. पुन्हा ठोकावे.’ आणि मला दोरीने कडीला बांधलं. वरचं खडूचं ‘बंद’ मात्र मावशीने पुसू दिलं नाही; कचेरीने लिहिलंय, कचेरीनेच पुसावं, म्हणाली. जन्मात पहिल्यांदा माझं स्वतःचं असं एक वाक्य झालं.

तपासणारा सतराव्या दिवशी आला. त्याच्या हातात पुठ्ठा नव्हता, काचेची पाटी होती, बोट लावलं की उजळणारी. आमचे दिवस सरले हे मला तेव्हाच कळलं. त्याने बोटाने दार वाजवलं. वाट पाहिली. पुन्हा वाजवलं, घड्याळ पाहिलं, खडूने लिहिलेलं ‘बंद’ पाहिलं, आणि काचेवर बोट टेकवणार... अरे बाबा, जरा खाली बघ, मी इथे आहे! असं ओरडावंसं वाटलं. शेवटी वारा आला आणि मी दारावर खडखडलो. त्याने मान खाली केली, वाचलं. मग मूठ वळून त्याने असं दार ठोकलं की माझ्या कडा झिणझिणल्या.

आतून आवाज आला, “आले, आले! दार तोडतोस काय?”

दार उघडलं आणि तो पोटभर शिंकला. कितीतरी वेळ आत होता. बाहेर येताना त्याच्या केसांत कापूस होता. त्याने रुमालाने दारावरचं ‘बंद’ पुसून टाकलं.

यादी पुन्हा लागली. सगळ्यात खाली, हाताने लिहिलेलं मावशीचं नाव. ताईच आली वाचून दाखवायला, लांबून चालत. तिला एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम मिळालं आहे. तेही तात्पुरतंच. मावशी तिला म्हणाली, “गाळा मिळाला म्हणजे मी सगळं विसरले असं समजू नकोस हं.”

“नाही समजत.”

“आईच्या गादीचा कापूस दोन वर्षांनी पुन्हा पिंजावा लागेल. तेव्हा ये. नव्या जागी.”

“येईन,” ताई म्हणाली. जाताना तिने माझ्या चिमट्यावरून बोट फिरवलं. सैल झालाय तो आता, तिचं बोट काही चेंगरलं नाही.

मीही गाळ्यात आलो आहे. शटरच्या कडीला बांधलेला. उन्हाने पोपडे निघतायत, कोपरे फुगलेत, रंग उडालाय, ‘चालू’ हा शब्द जेमतेम वाचता येतो. फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं दुःखही नाही. पाठ टेकायला मिळावी एवढंच आता मनात आहे. फक्त एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या एखाद्या दारासमोर वही घेऊन उभा राहील. ऊन असेल, चप्पल तुटलेली असेल, घरी कुणीतरी आजारी असेल. मला सगळं माहीत आहे. तरी, बाबांनो, बंद लिहायच्या आधी एकदा हात वर करा. आत कुणीतरी कानाला फडकं बांधून कामात असेल.